नवे पाणी

घरात एखादा जीव पाळावा, अशी हौस मला कधी नव्हती. निफाड तालुक्यातील आमच्या वस्तीवर लहानपणी बैल होते, गाय होती, दाराशी कुत्रे असे; पण ती हौसेने पाळलेली जनावरे नव्हती, कामाला वाटेकरी म्हणून घरात राहिलेली होती. नोकरीसाठी नाशिकला आल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत तो प्रश्नच उरला नाही. मग एका कार्तिकात आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी आली. तिच्यात चौदा मासे आले, आणि पुढच्या अडीच-तीन महिन्यांत त्यांतले जवळजवळ सगळे मेले.

पेटी आणली ती नानांसाठी. आश्विनात आई गेली. द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी नुकतीच झाली होती. पुढचे काम धाकट्या भावाने अंगावर घेतले आणि दिवाळीनंतर मी नानांना नाशिकला घेऊन आलो. जन्मभर पहाटे चारला उठून बागेकडे निघणारा माणूस आता चारला उठून बैठकीतल्या खुर्चीवर बसून राहू लागला. टीव्ही लावला तर ते त्याच्याकडे बघत आणि बंद केला तरी त्याच्याकडेच बघत. कुणी काही विचारले की उत्तर देत, पण आपण होऊन बोलत नसत. एकदा माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही गेलो असता तिथल्या माशांच्या पेटीसमोर ते तासभर उभे राहिले. निघताना म्हणाले, "थकत नाहीत." एवढेच. पण तो त्या आठवड्यातला त्यांचा पहिला शब्द होता, जो कुणी विचारल्यावाचून आला होता. पुढच्या रविवारी मी दुकानात गेलो.

दुकानदाराने अर्ध्या तासात माझा संसार मांडून दिला. पेटी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, रंगीत खडी, एक प्लॅस्टरचा किल्ला, खाद्याची डबी. मासे निवडण्याचे काम माझ्या सात वर्षांच्या मुलीने केले, म्हणजे रंग पाहून केले: चार गप्पी, चार काळ्या मॉली, चार निऑन टेट्रा आणि दोन गोल्डफिश. "हे सगळे एकत्र राहतील ना?" असे मी विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आरामात." त्याच संध्याकाळी आम्ही पेटी नळाच्या पाण्याने भरली आणि पिशव्यांच्या गाठी सोडून मासे तिच्यात ओतले. होय, ओतले. दुसरा शब्द नाही.

गप्पी पाहून नाना म्हणाले, "हे तर डासांचे मासे. मलेरियावाले आपल्या विहिरीत फुकट सोडून गेले होते." मी पैसे देऊन ते आणले, याची त्यांना गंमत वाटली असावी. पेटीसमोर त्यांची खुर्ची आली, आणि पहिले तीन दिवस आमच्या घरात एक प्रकारचा सण होता.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. चौथ्या दिवशी पहाटे एक निऑन किल्ल्याच्या पायथ्याशी आडवा पडलेला दिसला. जिवंतपणी त्याच्या अंगावरून जाणारी निळी रेघ अंधारातही चमके. आता ती रेघ विझून करडी झाली होती. नाना स्नानगृहात होते. मी चहाच्या गाळणीने तो मासा काढला आणि सज्जातल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरला. आई जाऊन दीड महिना झालेल्या घरात एका इंचाच्या माशाच्या मरणाचा एवढा बाऊ कशासाठी, असे कुणी म्हणेल. पण मला भय वाटले ते खरेच. नानांना जगते काहीतरी दाखवावे म्हणून मी ही पेटी आणली होती, आणि ती आता रोज सकाळी त्यांच्यासमोर काय मांडून ठेवील याचा भरवसा राहिला नव्हता.

तेव्हापासून मी पहाटे साडेतीनला उठू लागलो. नानांच्या आधी बैठकीत जायचे, विजेरीच्या उजेडात मासे मोजायचे, मेलेला काढायचा, आणि कचेरीतून परतताना दुकानात जाऊन तसाच दुसरा आणायचा. मॉली सगळ्या काळ्याच, तेव्हा अडचण येत नसे. गप्पीच्या शेपटीचा रंग जुळवणे मात्र कठीण होते. एकदा मी दुकानदाराला जाळी पाच वेळा बुडवायला लावली. घरी येऊन, मुलगी बाहेर खेळत असताना आणि नाना खाली फेरी मारायला गेले असताना, मी तो बदली कामगार पेटीत सोडी. आठ-दहा दिवसांत मी या कामात चांगलाच वाकबगार झालो होतो.

मासे का मरतात, हे कळावे म्हणून मी धडपडत नव्हतो असे नाही. माझ्या प्रत्येक उपायामागे काळजी होती आणि प्रत्येक उपायाने मी नेमके उलटे करत होतो. पाणी गढूळ झाले, म्हणून मी ते सगळेच्या सगळे उपसून नवे भरले. खडी चाळणीत घेऊन तांदूळ धुवावेत तशी धुतली. फिल्टरचा स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता. तो नळाच्या धारेखाली पिळून पिळून नवा दिसेपर्यंत स्वच्छ केला. पेटी आरशासारखी लखलखली आणि दुसऱ्या दिवशी दोन मासे गेले. मग मला वाटले, ते अशक्त झाले असतील, म्हणून मी खाद्य वाढवले. पुढे उघड झाले ते असे: सकाळी मी खाद्य घालत होतो, शाळेतून आल्यावर मुलगी घालत होती, दुपारी पत्नीला मासे काचेशी तोंड लावून काही मागताहेत असे वाटे, म्हणून ती घालत होती, आणि रात्री, सगळे निजल्यावर, नाना थोडेसे टाकत होते, कारण उपाशी जनावर बांधून झोपू नये हा त्यांचा जन्माचा नियम. चारही जणांनी आपापले प्रेम दुसऱ्याला न सांगता पाण्यात घातले होते. न खाल्लेले सारे खडीत जाऊन कुजत होते.

पौषात थंडी पडली. निफाडचा पारा किती उतरला, ही हिवाळ्यात वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी असते. नाशिकही त्याच्यापासून फार दूर नाही. गप्पी मूळचे त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचे, मॉली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या, निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. या उष्ण प्रदेशांतल्या माशांना साधारण २४ ते २६ अंश सेल्सियसचे पाणी मानवते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. गोल्डफिश तेवढा थंड पाण्याचा, चीनमधल्या माणसांनी शतकानुशतके पाळून पाळून रंग आणलेला मासा. त्या गारठ्यात तो एकटा मजेत होता. निऑनचे मूळ पाणी मऊ, आंबूस आणि पाचोळ्याच्या अर्काने चहासारखे रंगलेले. मॉलीला कठीण, क्षारयुक्त पाणी हवे. चार मुलुखांची चार पाणी मी एका पेटीत एक करून टाकली होती आणि वर दुकानदाराला विचारले होते, एकत्र राहतील ना.

थंडीने मासे तळाशी जाऊन बसले, आणि काही दिवसांनी त्यांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. हा एका एकपेशीय परजीवीचा रोग. तो माशाच्या कातडीखाली घर करतो तेव्हा औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात; औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावे लागते, आणि पाणी थोडे ऊबदार ठेवले तर ही फेरी लवकर पुरी होऊन औषधाला संधी मिळते. हे सगळे मी नंतर वाचले. त्या वेळी मी एकदाच औषध घातले, दुसऱ्या दिवशी ठिपके गेलेले पाहून विजयी मुद्रेने बाटली कपाटात ठेवली, आणि आठवड्याने ठिपके दुपटीने परत आले. नाना तेव्हा पहिल्यांदा माशांविषयी आपण होऊन बोलले. "एका फवारणीनं भुरी जाते का?" असे त्यांनी विचारले. द्राक्षावरच्या भुरीशी त्यांची उमर भांडण्यात गेली होती. हीटर आणला, औषध ठरलेल्या अंतराने घातले, रोग गेला. मासे मात्र मरतच राहिले.

दुकानात माझे येणे-जाणे एवढे वाढले होते, की तिथे अधूनमधून येणारे एक निवृत्त गृहस्थ मला तोंडओळखीने नमस्कार करू लागले. त्यांच्या घरी तीस वर्षे मासे होते. एके दिवशी मी तीच ती काळी मॉली मागत असता त्यांनी मला बाजूला घेतले आणि पेटीतले थोडे पाणी बाटलीत भरून आणायला सांगितले. माझे मासे कोणते, किती, कसे दिसतात, यांतले त्यांनी काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका काचेच्या नळीत ते पाणी घेतले, त्यात मोजून थेंब टाकले, नळी हलवली आणि पाच मिनिटे आम्ही दोघे गप्प बसलो. पाणी पिवळे राहायला हवे होते. ते पिवळ्यावरून पोपटी झाले आणि पोपटीवरून गर्द हिरवे. "हा अमोनिया," ते म्हणाले. "तुमचे मासे मोरीत राहताहेत."

मी दुखावलो. एवढी स्वच्छ पेटी! पण त्यांनी जे समजावून दिले, ते असे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. तो दिसत नाही, पाणी काचेसारखे नितळ असतानाही असतो, आणि माशाचे कल्ले जाळतो. नदीत किंवा तळ्यात त्याची विल्हेवाट लावणारे सूक्ष्म जीवाणू असतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, ते माशाच्या रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, रक्त तपकिरी पडते आणि मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य. थोडे थोडे पाणी बदलत राहिले की भागते. नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि ती वस्ती होते खडीवर, काचेवर आणि सर्वांत अधिक फिल्टरच्या त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजात.

जो मी दर रविवारी, क्लोरीन असलेल्या नळाच्या धारेखाली, पिळून पांढरा करत होतो.

मला आठवते, मी दुकानाबाहेर येऊन बराच वेळ स्कूटर सुरू न करता तिच्यावर बसून राहिलो. दुर्लक्षाने मासे मेले असते, तर मी स्वतःला दोष देऊन मोकळा झालो असतो. इथे तर दर आठवड्याला, बाह्या सरसावून, मी वस्ती वसू लागली की उठवत होतो.

त्या रात्री जेवणानंतर मी हे सगळे नानांना सांगितले. अमोनिया, नायट्राइट हे शब्द त्यांना नवे होते. गोष्ट नवी नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे खत कुजू द्यावं लागतं, तसंच की. ताजं शेण घातलं तर रोप जळतं. तेच शेण उकिरड्यात मुरलं की सोनं." हे मला चाळिशी उलटल्यावर, तीन महिने मासे मारून आणि रंगीत थेंबांच्या बाटल्या विकत घेऊन कळले होते. मी हसलो. तेही किंचित हसले. मग पेटीकडे बघत, आवाज न बदलता, म्हणाले,

"आणि सकाळी लपवायला उठत जाऊ नकोस. थंडी असते."

मला काही सुचेना. त्यांनीच पुढे सांगितले. ते चारला नव्हे, तीनलाच जागे होत. अंथरुणावर पडून माझी विजेरी बघत. कोणत्या दिवशी कोणता गेला, हे त्यांना माहीत होते. नवी मॉली जुनीपेक्षा थोडी आखूड होती, हेही. एका गप्पीच्या शेपटीला डाव्या बाजूला ठिपका होता आणि माझ्या बदली गप्पीला तो उजवीकडे होता. "पोरीच्या लक्षात येईल म्हणून मी बोललो नाही," ते म्हणाले. थोडे थांबले. "तुझी आई गेली, तेव्हाही तुम्ही मला दुपारी सांगितलंत."

ते खरे होते. आई रुग्णालयात पहाटे पाचला गेली. नानांना आदल्या रात्रीच आम्ही विश्रांतीसाठी घरी पाठवले होते. बहीण पुण्याहून पोचू दे, मग सांगू, ते एकटे कोसळतील, असे मी आणि भावाने ठरवले. सकाळी त्यांनी दूरध्वनी केला, तेव्हा मी "झोपली आहे" असे म्हणालो. त्यानंतर त्यांनी आंघोळ केली, तिच्यासाठी डब्यात मऊ भात भरून घेतला आणि गाडीची वाट पाहत ओट्यावर बसून राहिले. तो डबा दुपारी तसाच होता. आम्ही हे काळजीपोटी केले होते, याबद्दल आमच्यापैकी कुणाला शंका नव्हती आणि त्यांनाही नसावी. तरी तीन महिने त्यांनी तो शब्द काढला नव्हता, आणि काढला तो माशांच्या पेटीसमोर बसून.

मी माफी मागितली का? नाही. काय बोलावे हे न कळून मी "उद्या पाणी बदलतो" म्हणालो. ते म्हणाले, "सगळं नको. चौथाई बदल."

दुसऱ्या दिवसापासून पेटीचा कारभार नानांकडे गेला. उरलेले मासे चार: दोन गोल्डफिश, एक गप्पी, एक मॉली. गोल्डफिश मोठे होणारे आणि घाण फार करणारे. ते सहकाऱ्याच्या अंगणातल्या हौदात गेले. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवायचे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि धुवायचा म्हणजे दोनदा दाबायचा. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढे, आणि ते फक्त मुलीच्या हातून. नाना गावाकडून येताना फवारणीची एक वही सोबत घेऊन आले होते, का ते त्यांनाच ठाऊक. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात बोर्डो मिश्रणाची प्रमाणे, केवडा, भुरी, करपा आणि तारखा होत्या. कोऱ्या पानांवर त्यांनी आता दुसरी नोंद सुरू केली: तारीख, पाणी किती बदलले, थेंबांचा रंग, मासे किती. रंगांना त्यांनी स्वतःची नावे दिली होती. हरभऱ्याच्या पानासारखा. कांद्याच्या पातीसारखा. मग माघ संपता संपता एका पानावर आले: हळद. म्हणजे अमोनिया नाही. पण गृहस्थांनी अजून थांबायला सांगितले, कारण आता दुसऱ्या जीवाणूंची पाळी होती. आम्ही थांबलो. रिकाम्यासारख्या दिसणाऱ्या त्या पेटीसमोर नाना आता पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसत. पाहुण्यांना वाटे, म्हातारा दोन माशांकडे काय बघतो; ते पाणी बघत होते.

फाल्गुनात आम्ही सहा झेब्रा मासे आणले. अंगावर निळे-रुपेरी पट्टे असलेला हा बोटभर मासा आपल्याकडचा, गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२मध्ये गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो. चिवट म्हणून त्याची ख्याती आहे. या वेळी मासे ओतले नाहीत. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, दर थोड्या वेळाने पेटीतले वाटीभर पाणी तिच्यात घातले, आणि तासाभराने ते आपण होऊन बाहेर आले. मुलीने त्यांना नावे ठेवली. मी नको म्हणणार होतो, पण नानांनी मला डोळ्यांनी थांबवले.

चैत्रात गावी खरड छाटणी सुरू व्हायची होती आणि नाना आठ-पंधरा दिवसांसाठी जाण्याची भाषा बोलू लागले होते. त्यांच्या जाण्याच्या दोन दिवस आधी, उजाडता उजाडता, त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून मला उठवले.

"ऊठ. एक गेलाय. पोरीलाही उठव."

आम्ही तिघे पेटीसमोर उभे राहिलो. झेब्रांपैकी एक, मुलीच्या मते राजू, फिल्टरच्या नळीजवळ निपचित होता. बाकीचे पाच त्याच्या वरून नेहमीसारखे झुंडीने ये-जा करत होते. मुलगी रडली. नानांनी तिला रडू दिले, मग तिच्या हातात गाळणी दिली. त्यांनी थेंबांची बाटली काढून पाणी तपासले. रंग हळदीचाच होता. "पाण्यानं नाही गेला," ते म्हणाले. "त्याचा तो गेला." जास्वंदीच्या कुंडीत माती उकरताना तिने विचारले, इथे अजून कुणी आहे का. नानांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला सांगितले, आहेत, आणि किती ते मोजू लागलो. नानांनी वही आणली, चष्मा लावला आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिले: मासे सात.